कार्तिकातली कॅफेवारी : व्हिएन्ना ते बुडापेस्ट

भाऊबीज झाली, चकल्यांचा डबा तळाला लागला आणि ताई व मी निघालो. ताई यंदाच शाळेतून निवृत्त झाली. जन्मभर फळ्यापुढे उभं राहून गणित शिकवलं, आता गुडघे कुरकुरतात. त्यामुळे तिची एकच अट होती. "सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवा असं कुणी सांगितलं तर मी येणार नाही. मला कुठेतरी नीट बसायचंय. पाहायचं ते तू पाहा."

नीट बसायचं म्हटल्यावर व्हिएन्ना. तिथल्या कॉफीहाउस संस्कृतीची नोंद २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली, म्हणजे बसून राहणं हा तिथे सरकारमान्य वारसा आहे. जोडीला रेल्वेने पावणेतीन तासांवर असलेलं बुडापेस्ट घेतलं. कॅफे आधी, राजवाडे आणि संग्रहालयं वेळ उरला तर, असं वेळापत्रक आखलं. व्हिसा-तिकिटांत सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून थेट तिथेच येते.

गुरुवार : लांटमान

उतरलो तेव्हा आठ अंश आणि बारीक, चिवट पाऊस. घड्याळं नुकतीच एक तास मागे गेली होती, त्यामुळे पावणेपाचलाच काळोख. मुख्य स्टेशनाजवळच्या हॉटेलात सामान टाकलं, ट्रामने बुर्गथिएटरपाशी उतरलो आणि त्याला लागूनच असलेल्या कॅफे लांटमानमध्ये शिरलो. हे १८७३ सालचं. सिग्मंड फ्रॉइड इथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी. आत लाकडाने मढवलेल्या भिंती, पिवळसर दिवे आणि कोटांना आलेला ओल्या लोकरीचा वास.

पद्धत अशी: कोट खुंटीला, रिकामं टेबल पाहून बसायचं आणि वाट पाहायची. वेटर बहुतेक प्रौढ, काळा कोट, गळ्याला बो. त्यांना 'हेर ओबर' म्हणून हाक मारायची. हात हलवायचे नाहीत, चुटकी तर नाहीच. नजरेला नजर भेटली की ते येतात, आणि ती कधी भेटू द्यायची हे तेच ठरवतात. ताईला हे फार आवडलं. "आमच्या शिपायासारखंच आहे," म्हणाली.

मी मेलाँज मागवली, ताईने अॅपल स्ट्रूडल आणि चहा. (होय, चहा. पहिल्या दिवशी तिला माफ केलं.) कॉफी आली ती चकचकीत लंबगोल तबकात. तबकात कप, शेजारी पाण्याचा छोटा ग्लास आणि ग्लासच्या तोंडावर आडवा, उपडा ठेवलेला चमचा. कॉफी संपली तरी पाणी येत राहतं. आणि काय पाणी! आल्प्सच्या पायथ्याच्या झऱ्यांचं हे पाणी नव्वदहून अधिक किलोमीटर वाहून आणणारी वाहिनी १८७३ सालीच सुरू झाली, म्हणजे कॅफे आणि पाणी एकाच वयाचे. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, नळाखाली बाटली धरा.

दोन तास बसलो. बिल आणू का, आणखी काही हवं का, असं कुणी विचारलं नाही. बाजूचा माणूस लाकडी दांडीत अडकवलेलं वर्तमानपत्र उलगडून आम्ही यायच्या आधीपासून वाचत होता आणि आम्ही निघालो तेव्हा त्याने दुसरं घेतलं होतं. ताईने मनात हिशेब केला. "सहा-सात युरोंची कॉफी महाग आहे. पण एवढ्या सुंदर जागेचं दोन तासांचं भाडं म्हणून धर, मग स्वस्त आहे." पुढच्या सगळ्या प्रवासात मी याच हिशेबाने कॅफे जोखले: इथे केक विकत घेतोय की जागा?

*कॉफी मागवताना:* नुसतं 'कॉफी' म्हणून भागत नाही. मेलाँज म्हणजे अर्धं दूध, वर फेस. आपल्या जिभेला सगळ्यात जवळची. क्लायनर ब्राउनर म्हणजे छोटी कडक कॉफी, सोबत थोडं दूध किंवा क्रीम. फरलेंगर्टर म्हणजे तीच, गरम पाण्याने वाढवलेली. आइनश्पेनर ग्लासात येते, काळी, वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर. घोडागाडीवाले एका हातात लगाम आणि एका हातात हा ग्लास धरत, आणि क्रीमच्या झाकणाखाली कॉफी गरम राही, असं सांगतात. फियाकर मागवलीत तर त्यात दारू असते, हे उपासतापासवाल्यांनी लक्षात ठेवावं.

शुक्रवार : एकाच केकची दोन घराणी

झाखरटोर्टेची गोष्ट सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. १८३२ साली ऑस्ट्रियाचा तेव्हाचा चॅन्सलर मेटर्निख याच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी आजारी पडला आणि सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखर या शिकाऊ पोराने हा चॉकलेट केक केला, अशी आख्यायिका. त्याच्या मुलाने, एडुआर्डने, डेमेल या मिठाईवाल्याकडे शिकताना त्याला आजचं रूप दिलं आणि १८७६ साली स्वतःचं हॉटेल काढलं. पुढे विसाव्या शतकात हॉटेल झाखर आणि डेमेल यांच्यात 'अस्सल कोण' यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. १९६३ मध्ये तडजोड झाली: 'ओरिजिनल' हा शब्द हॉटेलने वापरायचा, डेमेलने आपल्या केकला एडुआर्ड झाखरचं नाव द्यायचं. भाऊबंदकीचे दावे आपल्याकडे बांधावरून चालतात, तिकडे जर्दाळूच्या मुरंब्यावरून.

कारण फरक मुरंब्याचाच आहे. हॉटेलच्या केकमध्ये दोन थर आणि मध्ये मुरंबा. डेमेलच्या केकमध्ये तो फक्त वरच्या चॉकलेटच्या आवरणाखाली. आम्ही सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा सामना लावला.

सकाळी ऑपेराच्या मागे, झाखर. लाल मखमल, झुंबरं, दाराबाहेर छत्र्यांची रांग. सकाळी लवकर गेल्यामुळे पंधरा मिनिटांत आत. केकचा तुकडा आला: वर गोल चॉकलेटचं पदक, बाजूला अगोड फेटलेलं क्रीम. पहिला घास ताईने क्रीमशिवाय घेतला आणि म्हणाली, "कोरडा आहे गं." बरोबर आहे, केक कोरडाच असतो. ते क्रीम शोभेचं नव्हे. चॉकलेटचं आवरण जाड, जवळजवळ साखरेच्या पाकाचं, दाताखाली किंचित रवाळ. मुरंब्याचा आंबटपणा त्याला कापतो आणि अगोड क्रीम त्या दोघांना घशाखाली उतरवतं. तिन्ही एका काट्यावर घ्यायचे.

दुपारी डेमेल. १७८६ पासूनची पेढी, राजघराण्याचे हलवाई. कोलमार्क्ट रस्त्याच्या टोकाला हॉफबुर्ग राजवाड्याचं दार, त्यामुळे राजवाड्यातून पान खायला निघावं इतक्या अंतरावर. खाली काचेपलीकडे पोरं-पोरी पीठ पसरत होत्या, चॉकलेट ओतत होत्या. वाढणाऱ्या बायका काळ्या पोशाखात, कमालीच्या शिस्तीत. इथल्या तुकड्यावर पदक त्रिकोणी. आवरण आणि मुरंबा एकत्र विरघळतात, खालचा केक मात्र एकटा पडतो.

निकाल विचाराल तर ताईने, गणिताच्या बाईंना शोभेल असा, मुरंब्याच्या पृष्ठफळावरून हॉटेलच्या बाजूने दिला. मला डेमेलमध्ये केकपेक्षा पहिल्या मजल्यावरचं जुनं, थोडं वाकडंतिकडं बसलेलं घर आवडलं. पण खरं सांगू? व्हिएन्नाचा सगळ्यात चांगला केक हा नाहीच. सगळ्यात चांगली वकिलांची फौज होती, एवढंच.

रात्री जेवण उरकून हावेल्काला गेलो. डोरोथेअरगासे नावाच्या गल्लीत, बाहेरून पाहिलं तर कुणी आत जाणार नाही. झुंबरं नाहीत, मखमल विटलेली, भिंती सिगारेटच्या धुराने वर्षानुवर्षं काळवंडलेल्या (आता आत धूम्रपानाला बंदी आहे) आणि त्यांवर दाटीवाटीने चित्रं आणि जाहिराती. लिओपोल्ड आणि योझेफीने हावेल्का या नवराबायकोने हे १९३९ साली सुरू केलं. पाठोपाठ महायुद्ध आलं. ते संपल्यावर पुन्हा उघडलं आणि चित्रकार-लेखकांचा अड्डा झाला. योझेफीनेबाई रात्री बुख्टेल्न भाजत. लिओपोल्ड शंभर वर्षं जगले, २०११ मध्ये गेले. बुख्टेल्न अजूनही रात्री आठनंतरच मिळतात.

बुख्टेल्न म्हणजे यीस्टच्या पिठाचे, एकमेकांना चिकटून भाजलेले गोळे, आत आलुबुखाराचा गडद, आटवलेला मुरंबा, वर पिठीसाखर. ताटली आली तेव्हा वाफ निघत होती. एक पाव दुसऱ्यापासून तोडला की तंतू सुटतात आणि मुरंबा जिभेला चटका देतो. आम्ही एक ताटली मागवली होती. मग दुसरी मागवली. ताईने चहा सोडून मेलाँज घेतली, तीही इथेच.

*शाकाहारी मंडळींसाठी:* केकमध्ये अंडं असतंच. ताईचं तत्त्व सोयीचं आहे, केकातलं अंडं चालतं, ताटातलं नाही. ज्यांना तेही नको त्यांनी अॅपल स्ट्रूडल विचारून घ्यावं. त्याचं कागदासारखं पातळ पीठ परंपरेने मैदा, तेल आणि पाण्याचं. पण सोबतच्या व्हॅनिला सॉसमध्ये अंडं असतं आणि मनुका कधी कधी रममध्ये भिजवलेल्या असतात. थंड, थरथरणाऱ्या क्रीमच्या केकांत जिलेटिन असू शकतं, तेही विचारा. प्रश्नाला कुणी नाक मुरडत नाही.

शनिवार : सगळी दुकानं बंद

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. दुकानं, सुपरमार्केट, सगळं बंद. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर आदल्या दिवशीच दूध-फळं घेऊन ठेवा. कॅफे मात्र उघडे. या दिवशी लोक कबरस्तानात जातात. मध्यवर्ती कबरस्तानाकडे जाणारी ७१ नंबरची ट्राम शेवंतीची फुलं घेतलेल्या माणसांनी गच्च भरलेली. हॉटेलच्या नाश्त्याला वेणीसारखा गुंफलेला गोडसर पाव होता. चौकशी केली तर तो याच दिवसांतला, धर्ममातापित्यांनी मुलांना द्यायचा. ताईने त्याच्या पेडांची गुंफण उलगडून पाहिली, चार पेडी निघाली.

दुपारी कॅफे सेंट्रल. १८७६ मध्ये सुरू झालेलं, फर्स्टल राजवाड्यात, जिथे पूर्वी बँक आणि शेअरबाजार होता. छत पाहून मान दुखते: उंच खांब आणि त्यांवरून फुटलेल्या कमानी. बुद्धिबळ खेळणाऱ्यांची इथे इतकी गर्दी असे की याला बुद्धिबळाचं विद्यापीठ म्हणत. त्या खेळणाऱ्यांत रशियातून निसटून आलेला क्रांतिकारक ट्रॉट्स्कीही होता. दाराशी पेटर आल्टेनबर्ग या लेखकाचा बसलेला पुतळा आहे. गृहस्थांनी पत्रव्यवहाराचा पत्तासुद्धा याच कॅफेचा दिला होता. आज बुद्धिबळ नाही, रांग आहे. सुट्टीचा दिवस, त्यात पाऊस, आम्ही चाळीसेक मिनिटं उभ्या होतो. सकाळी उघडताच जा, छत तेवढंच उंच असतं.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका फार नावाजलेल्या जागी (नाव लिहीत नाही) ताईच्या काट्यावर शेवटचा घास असतानाच बशी उचलली गेली आणि टेबलावर बिल आलं. मागे माणसं उभी होती, त्यांचाही दोष नाही. ताई काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज आपण फक्त केक घेतला."

रविवार : एकादशी, श्पेर्ल

रविवारी कार्तिकी एकादशी होती आणि ताईचा उपास. सकाळी हॉटेलच्या खोलीत राजगिऱ्याची चिक्की आणि केळी. मोबाइलवर पंढरपूरचं दर्शन. मी विचारलं, "मग आज कॅफेला सुट्टी?" तर म्हणाली, "का बरं? उपासाला कॉफी चालते, दूध चालतं, बसणं तर चालतंच."

गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवरचं कॅफे श्पेर्ल १८८० सालचं. मुख्य शहरापासून जरा बाजूला, त्यामुळे रांग नाही. आत पाऊल टाकलं आणि ताई दारातच थांबली. "अगं, हा तर इराणी!"

खरंच. संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या त्या खुर्च्या. लहानपणी दादरच्या ज्या इराण्याकडे बाबा आम्हाला ब्रून मस्का खायला न्यायचे, तिथे याच कुळातल्या खुर्च्या होत्या. हे लाकूड वाफेवर वाकवायचं तंत्र मिखाएल टोनेटचं. त्याने १८५९ साली काढलेली चौदा नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत, म्हणून ती जहाजांतून जगभर गेली. हे सांगितल्यावर ताई स्वस्थ बसेना. आधी वाकून खुर्चीखालचे स्क्रू मोजले, मग रुमालावर छत्तीस खुर्च्यांचं गणित मांडलं. फरक एकच. इराण्याच्या भिंतीवर 'जास्त वेळ बसू नये' अशी पाटी असायची. इथे पाटी नाही, आणि बसणाऱ्याला कुणी उठवतही नाही.

आतल्या बाजूला जुनी बिलियर्डची टेबलं. एकावर वर्तमानपत्रं पसरलेली. उंच खिडक्या, खिडक्यांच्या कोनाड्यात जुनं नक्षीचं कापड लावलेली बाकं. ताईने आइनश्पेनर घेतली. मी घरचा खास केक, श्पेर्लटोर्टे, चॉकलेट आणि बदामाचा, झाखरपेक्षा मऊ आणि कमी गर्विष्ठ. दुपारी कोपऱ्यातला पियानो सुरू झाला. वाजवणारा अगदी हळू वाजवत होता, कुणाचं बोलणं त्यामुळे अडत नव्हतं, आणि कुणी टाळ्याही वाजवत नव्हतं.

गर्दी वाढली तशी एका आजींनी आमच्या टेबलाशी बसू का म्हणून खुणेने विचारलं. पायाशी एक लांबुडकं, म्हातारं कुत्रं. वेटरने न सांगता त्यांची कॉफी आणली आणि कुत्र्यासाठी वाडगाभर पाणी. इंग्रजी चांगलं बोलत होत्या. बहीण काहीच खात नाही, तब्येत बरी नाही का, अशी त्यांनी काळजी केली. मी उपासाचं सांगितलं: आज लाखो लोक विठ्ठलाच्या दर्शनाला चालत जातात, ही इथे बसून त्यांच्यात सामील झालीये. आजी हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या आईने युद्धानंतरचे हिवाळे अशाच कॅफेत काढले. घरी कोळसा नव्हता, इथे शेगडी होती. एका काळ्या कॉफीवर दुपार. वेटरला माहीत असे की दुसरी कॉफी मागवायला पैसे नाहीत, म्हणून तो मुद्दाम पाण्याचे ग्लास आणून देत राही, म्हणजे टेबलावर काहीतरी दिसे.

मी ताईला हे मराठीत सांगितलं. ताई पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली, मग पिशवीतून राजगिऱ्याची एक चिक्की काढून तिने आजींपुढे ठेवली. आजींनी ती बशीत घेतली आणि काट्यासुरीने कापून खाल्ली.

अंधार पडून बराच वेळ झाल्यावर निघालो. एक कॉफी, एक केक आणि मध्ये कधीतरी घेतलेली दुसरी कॉफी, एवढ्यावर अख्खी दुपार. वेटरने निघताना दार उघडून धरलं.

*पैसे देताना:* वेटर टेबलाशीच हिशेब करतो. बिलाच्या साधारण दहा टक्के जास्त धरून, किती घ्यायचे ते आकडा बोलून सांगायचं. टेबलावर चिल्लर सोडून उठायची पद्धत नाही. जुन्या कॅफेंत थोडी रोकड जवळ असू द्या.

सोमवार : कॉफी ओतणारा माणूस

गाडी दुपारची होती. हॉटेलपासून चालत पाचेक मिनिटांवर, फावोरिटेन रस्त्याच्या एका कोपऱ्यावरच्या इमारतीला, वरच्या मजल्याच्या उंचीवर एक पुतळा आहे: तुर्की पोशाखातला माणूस, हातात कॉफीचं भांडं. हा कोल्शिट्स्की. १६८३ मध्ये तुर्कांनी शहराला वेढा घातला, त्यांची छावणी पळाली तेव्हा मागे राहिलेल्या दाण्यांच्या गोण्या याला बक्षीस मिळाल्या आणि त्याने पहिलं कॉफीहाउस काढलं, अशी दंतकथा. कागदपत्रं निराळं सांगतात. १६८५ साली कॉफी विकायचा परवाना मिळाला तो योहानेस थेओडाट या आर्मेनियन व्यापाऱ्याला. पण पुतळा दंतकथेचाच उभारला गेला, कारण गोण्यांची गोष्ट सांगायला बरी.

गाडी हंगेरीच्या हद्दीवर, हेज्येशहालोमला, तासभर उभी राहिली. कारण कुणी सांगितलं नाही. समोरच्या बाकावर एक हंगेरियन आजी आणि त्यांचा कॉलेजातला नातू. तासाभरात आजींनी डबा उघडला. चीज घातलेले छोटे खारे गोल पाव, पोगाचा. आम्ही पिशवीतून उरलेल्या चकल्या काढल्या. आजींनी चकली तोंडाजवळ नेऊन आधी वास घेतला, मग मोडून नातवाला अर्धी दिली, मग त्याच्याकडून परत घेतली.

बुडापेस्टमध्ये कुठे काय खायचं हे आजींनी नातवामार्फत सांगितलं. मुख्य ताकीद दोबोश केकबद्दल होती: वरचं कॅरामल काट्याने टिचकी मारली की तडकलं पाहिजे. वाकलं तर केक कालचा आहे, परत पाठवा.

मंगळवार : दोबोश, जेरबो आणि सोन्याचं छत

बुडापेस्टला ऊन होतं. थंडी तीच, पण आभाळ निळं.

सकाळी लवकर न्यूयॉर्क कॅफे. १८९४ साली न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीने इथे आपली इमारत बांधली, तिच्या तळमजल्यावर हे. वास्तुकार आलायोश हाउसमान. सोन्याचा मुलामा, पिळाचे खांब, छतावर चित्रं. आत शिरल्यावर कॉफीवर लक्ष ठरत नाही. फेरेन्त्स मोल्नार या नाटककाराने उद्घाटनाच्या रात्री दाराची किल्ली डॅन्यूबमध्ये फेकली, म्हणजे कॅफे कधी बंदच होऊ नये, असं सांगतात. खरं असो-नसो, त्या काळी लेखकांना इथे शाई आणि कागदाच्या पट्ट्या फुकट मिळत आणि पाव, चीज, थंड मांस अशी 'लेखकांची थाळी' स्वस्तात. पुढे युद्ध झालं, जागेचे बरेच हाल झाले, मूळ रूप पुन्हा मिळालं ते २००६ मध्ये. आज लेखकाला परवडेल असं काही नाही. छत पाहायला जा, एक कॉफी घ्या आणि केकची भूक राखून ठेवा.

ती भूक ऑपेराच्या समोर म्युवेस कॅफेत काढली. १८९८ सालचं, आरसे, जुने दिवे, खिडकीतून आंद्राशी रस्त्यावरची पानगळ. दोबोश मागवला. योझेफ दोबोशने हा केक १८८५ च्या बुडापेस्टच्या प्रदर्शनात लोकांपुढे आणला. तेव्हा शीतकपाटं नव्हती आणि केक दोन दिवसांत खराब होत. याने लोण्यात घोटलेल्या चॉकलेटचं भरण घातलं, वर कॅरामलचा कडक पत्रा बसवला आणि केक टिकाऊ झाला. लोकांनी नक्कल करायचा खूप प्रयत्न केला. शेवटी १९०६ मध्ये त्याने कृती मिठाईवाल्यांच्या संघटनेला देऊन टाकली.

तुकडा समोर आला. स्पंजचे पातळ थर, इतके सारखे की पट्टीने आखावेत. मध्ये काळपट चॉकलेट. वर मधासारख्या रंगाची कॅरामलची चकती, आधीच त्रिकोणात कापलेली, कारण थंड झाल्यावर ती कापता येत नाही. ताईने काट्याच्या टोकाने टिचकी मारली. टक्! तडा थेट कडेपर्यंत गेला. "पास," ताई म्हणाली. कॅरामलचा तुकडा आधी दातांनी फोडायचा, मग खालचे थर. कडू, गोड, खारट लोणी, सगळं क्रमाने येतं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हाच पहिला नंबर. झाखरवाल्यांनी दावा लावला तरी.

संध्याकाळी व्होरोशमार्टी चौकात जेरबो. १८५८ मध्ये हेन्रिक कुगलरने सुरू केलेलं, पुढे एमिल जेरबो या स्विस माणसाने नावारूपाला आणलेलं. बाहेर चौकात नाताळच्या बाजाराच्या टपऱ्या ठोकण्याचं काम चाललं होतं. बाजार सुरू व्हायला अजून अवकाश, पण लाकडाचा आणि दालचिनीचा वास आधीच आलेला. याच नावाची वडी मागवली: अक्रोड आणि जर्दाळूच्या मुरंब्याचे थर, वर चॉकलेट. हंगेरीत ही वडी घरोघरी नाताळात करतात, आपल्या करंज्यांसारखी. त्यामुळे सगळ्यात चांगली कुठली मिळते, असं विचारलं की प्रत्येक जण आईचं नाव सांगतो.

*हंगेरीत बिल:* बिलावर सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, बऱ्याचदा बारा ते पंधरा टक्के. ते पाहून घ्या, वर पुन्हा टीप देऊ नका. चलन फोरिंट, युरो घेतात पण दर त्यांच्या मर्जीचा.

बुधवार : रुस्वुर्म

डेआक चौकातून १६ नंबरची बस थेट बुडाच्या किल्ल्यावर नेते, गुडघे असलेल्यांनी चढ चढायच्या भानगडीत पडू नये. किल्ल्यावर दाट धुकं, मातियाश चर्चचं रंगीत छप्पर अर्धंच दिसत होतं. तिथून दोन पावलांवर रुस्वुर्म. १८२७ पासूनची मिठाईची खोली, हो खोलीच. चेरीच्या लाकडाचं जुनं काउंटर, टाइलची शेगडी, मोजकी टेबलं. इथे भपका नाही. दिवाणखाना आहे, एखाद्या खात्यापित्या मध्यमवर्गीय घराचा.

इथली क्रेमेश मागवायची. खाली-वर खुसखुशीत पापुद्रे आणि मध्ये चार बोटं उंच, पिवळं, हलकं व्हॅनिला कस्टर्ड. बशी टेबलावर ठेवली तरी ते काही क्षण हलत राहतं. काटा वरून दाबला तर सगळं कडेने बाहेर येतं. बाजूच्या टेबलावरच्या काकांनी आम्हाला करून दाखवलं: तुकडा आडवा पाडायचा, मग कापायचा. ताईने दोन खाल्ल्या. तिचा मधुमेहाचा अहवाल पुढच्या महिन्यात आहे, तो तिचा प्रश्न.

अर्ध्या तासाने ताई स्वतःच उठली. दाराबाहेर धुक्यात एक बाई दोन लहान मुलांना घेऊन उभी होती. "चल," ती म्हणाली, "भाडं भरून झालं." मी तर कोट घालायच्या आधी काउंटरवर एक क्रेमेश बांधून मिळेल का विचारलं. मिळते, पण बसमध्ये ती मांडीवर धरून बसावं लागतं आणि हॉटेलला पोचेपर्यंत चमच्याने खायच्या लायकीची होते. तशीच खाल्ली.

केक घरी आणायचाच असेल तर झाखरटोर्टे लाकडी पेटीतून मिळतो आणि फ्रिजशिवाय दोनेक आठवडे टिकतो. व्हिएन्नाहूनच घेऊन ठेवला होता. ठाण्यात पेटी उघडली, भावजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "कोरडा आहे." ताईने उत्तर दिलं नाही, क्रीम फेटायला घेतलं.